चिंधी बांधलेला हात

माझ्या वाचकांपैकी एकानेही आजवर मला "हे कळलं नाही" असं म्हटलेलं नाही. ऐकायला बरं वाटतं, पण माझ्या कामातली सगळी भीती याच गोष्टीत आहे.

सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या मंडळाचा दिवाळी अंक काढणारे पाटीलकाका भाद्रपदात घरी आले आणि आईने चहा टाकायच्या आधीच म्हणाले, "पूनम, तू त्या एआयमध्ये आहेस म्हणे. लिही की. आमच्या अंकात दर वर्षी मिल आणि रेल्वे, रेल्वे आणि मिल." मी म्हटलं, काका, माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मला जड मराठी येत नाही. "मग सोपं लिहिशील," ते म्हणाले आणि उठले. तर हे सोपं.

वेसूला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. माणसं थोडी, खुर्च्या त्याहून थोड्या. मालक हार्दिकभाई. कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे जिथे कापड रंगवतात, धुतात, वाळवतात तिथे, मशीनवर बसवायचे कॅमेरे आम्ही तयार करतो. कॅमेऱ्यामागे एक मॉडेल असतं. कामगाराचा हात फिरत्या रोलरजवळ आला की मॉडेलने तो ओळखायचा आणि मशीन थांबवायचं, एवढंच त्याचं काम.

अशी मॉडेलं आमच्याकडे सतत तयार होतात. त्यातलं चांगलं कुठलं, हे ठरवायला एक साधन आहे. ते आमच्या निरवने बनवलं आणि ऑफिसमध्ये त्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तरकडे मशीनवर काढलेल्या व्हिडिओंचे हजारो छोटे तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याचं बरोबर उत्तर आहे: हात आहे किंवा हात नाही. ही उत्तरं माणसांनी बघून लिहिलेली. मास्तर मॉडेलला पेपर देतो, उत्तरं तपासतो आणि गुण सांगतो. हात असून दिसला नाही ही मोठी चूक. हात नसताना मशीन थांबवलं ही छोटी चूक, पण शेठ लोकांचे फोन याच चुकीसाठी येतात.

पूर्वी मास्तर चालवायचा निरव. आता एजंट चालवतात. एजंट म्हणजे माणूस नव्हे. सांगितलेलं काम स्वतःच पायरी पायरीने करत जाणारा एआय. "ही सहा मॉडेलं घे, मास्तरकडून तपास, सगळ्यात चांगलं निवड, मशीनवर पाठव," एवढं सांगितलं की तो लागतो कामाला. मास्तर कसा चालवायचा हे त्याला कोण सांगणार? मी लिहिलेला मजकूर. तो प्रत्येक पायरीआधी ते पान उघडून वाचतो. माझी नोकरी म्हणजे ते पान.

हे काम माझ्याकडे आलं कारण मी बोलत नाही. मुलाखतीत हार्दिकभाईंनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मी इतकी तुटक दिली की त्यांनी कागद पुढे केला, "लखीने आप," लिहून दे. लिहून दिलं. नोकरी मिळाली.

माणसांसाठी सूचना लिहिणं वेगळं. माणूस अर्धं वाचतो, बाकीचं खुर्ची मागे ढकलून ओरडून विचारतो. आमच्या ऑफिसात सगळं ज्ञान असंच हवेत तरंगत असतं. एजंट खुर्ची मागे ढकलत नाही. जे लिहिलंय ते सगळं वाचतो, जे लिहिलेलं नाही तिथे स्वतःच्या अंदाजाची विटेवर वीट ठेवून पुढे जातो आणि वर अहवाल इतका नम्र लिहितो की शंका घ्यायची आपल्यालाच लाज वाटते.

सुरुवातीला मी एका ठिकाणी "उदाहरणार्थ, कडोदऱ्याचं मशीन" असं लिहिलं होतं. एका एजंटने आठवडाभर सगळ्या मशीनचे निकाल कडोदऱ्याच्या नावावर जमा केले. दुसऱ्या ठिकाणी लिहिलं होतं, "अडचण आल्यास निरवला विचारा." एजंटने निरव नावाची फाइल शोधली. सापडली नाही, म्हणून तशी फाइल तयार केली, निरव काय म्हणाला असता याचा विचार करून ते त्यात लिहिलं, मग ती फाइल वाचली आणि काम पुढे नेलं. निरवला हे दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "मारा करतां सारो जवाब आप्यो छे एणे." माझ्यापेक्षा चांगलं उत्तर दिलंय याने. खूप हसलो आम्ही. नंतर रिक्षात बसल्यावर मला त्या हसण्याचं जरा भय वाटलं.

तेव्हापासून मी शिकत गेले. "साधारणपणे" हा शब्द काढला. "शक्यतो" काढला. आपल्याला उघड वाटतं तेच आधी लिहायचं. आणि प्रत्येक बदलानंतर एका एजंटला खोटं काम द्यायचं, तो कुठे काय करतो त्याची नोंद वाचायची. कंटाळवाणं काम आहे. मला आवडतं. शाळेतही मी मागच्या बाकावर बसून कोण काय बोलत नाही तेच बघत असे.

शाळेचं निघालंच आहे तर एक सांगते, पुढे लागेल. पप्पा जिगर मशीनवर काम करतात. जिगर म्हणजे खाली रंगाचा हौद आणि वर दोन मोठे रोलर. कापड एका रोलरवरून सुटतं, हौदातून जातं, दुसऱ्यावर गुंडाळलं जातं, मग उलटं फिरतं. आमच्या शाळेत बहुतेक मुलांचे वडील व्यापारी. कुणी विचारलं तर मी म्हणायची, "पप्पा टेक्स्टाइलमां छे." सुरतेत हे वाक्य फार सोयीचं आहे. मार्केटमध्ये चार दुकानं असलेलाही टेक्स्टाइलमध्ये आणि हौदावर उभा राहणाराही टेक्स्टाइलमध्ये. ऑफिसमध्येही मी तेच सांगितलं होतं. राहायला कुठे विचारलं तर, लिंबायत म्हणजे कामगार वस्ती हे सगळ्यांना ठाऊक म्हणून, "उधना बाजू".

आता त्या दिवसाचं.

पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये जिगरवर आमचा कॅमेरा नुसते व्हिडिओ काढण्यापुरता बसवला होता; आता त्यात मॉडेल घालून तो चालू करायचा होता. तिथे रोलरपुढे लोखंडी जाळी होती. जाळी उघडली की मशीन बंद. कापडाला वळी पडली, किनार दुमडली की ऑपरेटरला जाळी उघडावी लागे आणि तेवढा वेळ मशीन उभं. शेठला ते नको होतं. कॅमेरा चालू झाला की जाळी काढायची, असं त्यांचं आणि हार्दिकभाईंचं ठरलं होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाला त्यात काही खटकलं नव्हतं, मलाही नाही, कारण कॅमेरा चांगला होता.

सकाळी एजंटचा अहवाल आला. सहा मॉडेलं तपासली, चौथं सर्वात उत्तम, मोठी चूक जवळजवळ नाहीच, दुपारी लॉट बदलताना मशीन थांबेल तेव्हा पाठवतो. हार्दिकभाईंनी खमण मागवलं.

मी खमण खात माझं रोजचं काम करत होते, म्हणजे एजंटने माझं पान कसं वाचलं त्याची नोंद बघत होते. सगळं बरोबर होतं. एका ओळीपाशी मी थांबले. मास्तरने बरेच तुकडे "बाजूला" ठेवले होते.

हे बाजूला प्रकरण असं. एकेक तुकडा दोन माणसं बघतात. एकाने हात म्हटलं आणि दुसऱ्याने कापड म्हटलं तर मास्तर तो तुकडा वादग्रस्त समजतो आणि गुणांत धरत नाही. माझ्या पानावर ते लिहिलेलं होतं: वादग्रस्त तुकडे मोजले जात नाहीत. वाक्य खरं होतं. पण निरव स्वतः मास्तर चालवायचा तेव्हा शेवटचा निर्णय घेण्याआधी चहाचा कप घेऊन बाजूला पडलेले तुकडे एक एक करून बघायचा. "बाजूनुं जोयुं?" बाजूचं बघितलं का, हा आमच्या ऑफिसातला रोजचा प्रश्न होता. एखादं मॉडेल पास झालं की कुणीतरी कुणाला तरी तो विचारायचंच. तो इतका रोजचा होता की कुठेही लिहिलेला नव्हता. एजंटला कोण विचारणार?

मी तो ढीग उघडला. जवळजवळ सगळे तुकडे पलसाण्याचे निघाले.

पहिल्यात पोपटी कापड, वाफ, ओला रोलर. कोपऱ्यात पोपटी कापडाचा एक गठ्ठा हलतो आणि जातो. दुसऱ्यात राणी रंगाचं कापड आणि त्याच रंगाचा गठ्ठा. तिसऱ्यात पुन्हा पोपटी. मी तिसरा थांबवला, मोठा केला. गठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक गाठ होती. दातांनी ओढून मारलेली, मनगटाच्या आत, टोक आत खोचलेलं.

ती गाठ मी रोज बघत मोठी झाले. आमच्या गॅलरीतल्या दोरीवर पप्पांच्या चिंध्या वाळत असायच्या, आज मोरपंखी, उद्या कथ्थी. लहानपणी वाटायचं, पप्पा रोज नव्या रंगाच्या बांगड्या घालून जातात. चिंधी त्याच लॉटच्या टोकाची फाडायची असते. दुसऱ्या रंगाची बांधली आणि ओल्या कापडाला लागली तर डाग पडतो. एकदा मी विचारलं होतं, पप्पा, हात भाजू नये म्हणून का हो बांधता? ते म्हणाले, "हात वाचवायला नाही ग. हाताला कालच्या लॉटचा रंग असतो ना. कापड वाचवायला."

म्हणजे पलसाण्याच्या जिगरवर हात नेहमी त्याच रंगाचा असणार, ज्या रंगाचं कापड त्याच्यामागून धावतंय. माणसांनाही तो नीट दिसला नव्हता, म्हणून तर वाद झाला होता. आणि वाद झाला म्हणून तो पेपरातून गळला होता. चौथ्या मॉडेलने उत्तम गुण मिळवले होते, कारण अवघड प्रश्न त्याला विचारलाच गेला नव्हता.

निरव माझ्यापासून हात पुरेल एवढ्या अंतरावर बसतो. मी त्याला मेसेज केला: बाजूचे तुकडे बघितलेस का?

त्याने कानातले इअरफोन काढले. "ए तो हुं दर वखते जोउं छुं."

"या वेळी?"

"आ वखते तो एजन्टे कर्युं ने." हे बोलता बोलताच त्याचा चेहरा बदलला. खुर्ची सरकवून तो माझ्या स्क्रीनपाशी आला. मी तुकडा चालवला. त्याला काही दिसलं नाही. मी गाठीवर बोट ठेवलं.

"आ हाथ छे?"

"हात आहे."

"खात्री?"

मी मान हलवली. तो थोडा वेळ स्क्रीनकडे, मग हार्दिकभाईंच्या केबिनकडे बघत राहिला. केबिनमधून हसण्याचा आवाज येत होता. हार्दिकभाई कुणाला तरी फोनवर सांगत होते की आजच बसतंय, बपोर पछी, दुपारनंतर.

"तू सांग," मी म्हटलं.

"तुं कहे ने. तें पकड्युं छे."

"साधन तुझं आहे."

"पान तारुं छे."

आम्ही दोघंही उठलो नाही. हे वाचून कुणी हसेल, पण केबिनचा तो काचेचा दरवाजा माझ्यासाठी आजही उंबरठा नसून भिंत असतो. आणि आत जाऊन मी काय म्हणणार? कशावरून, असं विचारलं की? माझ्या पप्पांच्या चिंध्या दोरीवर वाळत असतात म्हणून?

दुपार होत होती. एजंटची पुढची पायरी लॉट बदलताना होती, आणि लॉट केव्हा बदलेल हे पलसाण्याच्या हौदाला ठाऊक. मग माझ्या लक्षात आलं की एजंट पाठवण्याआधी पुन्हा एकदा पान वाचणार आहे. तो नेहमीच वाचतो. ऑफिसात माझं ऐकून घेणारा दुसरा कुणी असो नसो, तो होता.

मी पान उघडलं आणि जुन्या वाक्याखाली लिहिलं: "बाजूला ठेवलेले तुकडे एखाद्या माणसाने बघून मंजूर केल्याशिवाय कोणतंही मॉडेल मशीनवर पाठवू नये. असे तुकडे असतील तर काम थांबवावं आणि माणसाला कळवावं." निरवने ते वाचलं. मी सेव्ह केलं.

आता तो वाचेल की नाही? की आधीचंच लक्षात ठेवून पुढे जाईल? माझ्या हातात नोंदीची खिडकी उघडी ठेवून बसण्याखेरीज काही नव्हतं. खमणाचा तुकडा बशीत तसाच होता, वर मोहरीचे दाणे. नोंद हलेना. मग एक ओळ आली: लॉट बदलला, मशीन थांबलं. मग दुसरी: पान वाचत आहे. नंतर बराच वेळ काही नाही. मग: काम थांबवलं आहे. माणसाच्या मंजुरीची वाट बघत आहे.

निरवने श्वास सोडला. तेवढ्यात केबिनचा दरवाजा उघडला.

"आ एजन्ट केम अटकी गयो? पानुं कोणे बदल्युं?"

मी हात वर केला, वर्गात करतात तसा. आजही आठवलं की कान गरम होतात.

"बेन, अंदर आवो."

आत गेल्यावर मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही, कारण फार थोडं बोलले. हार्दिकभाई रागावलेले नव्हते, त्याहून वाईट, ते समजावत होते. शेठ वाट बघतोय. मॉडेलचे गुण तू पाहिलेस ना? वादग्रस्त तुकडे मोजत नाहीत हे तूच लिहिलंयस. "हवे तमे ज ना पाडो छो?" आता तुम्हीच नाही म्हणता? त्यांच्या जागी ते बरोबर होते. माझं वाक्य त्यांनी मलाच वाचून दाखवलं.

त्यांच्या मागच्या कपाटात कापडाचे नमुने असतात. मी न विचारता एक निळं कापड काढलं, टेबलावर पसरलं. कोपऱ्याची एक पट्टी फाडली. "अरे, ए सेम्पल छे!" हार्दिकभाई म्हणाले. माझ्यामागून आत आलेल्या निरवने लॅपटॉपचा कॅमेरा कापडावर वळवून चौथं मॉडेल चालू केलं. मी उघडा हात आणला. स्क्रीनवर हाताभोवती लाल चौकट. हात काढला, चौकट गेली. मग मी निळी पट्टी तळहातावरून फिरवून बोटांवर घेतली, मनगटाशी आणली, दातांनी गाठ मारली, टोक आत खोचलं आणि तोच हात त्याच जागी आणला.

काही नाही. हात हलवला. काही नाही.

"फरीथी कर."

पुन्हा केलं. स्क्रीनवर नुसतं निळं कापड.

हार्दिकभाई माझ्या मनगटाकडे बघत होते.

"आ बांधतां क्यांथी शीखी?"

"मारा पप्पा जिगर पर छे," मी म्हटलं. "लिंबायतमां रहीए छीए."

मला वाटलं होतं, हे वाक्य बाहेर पडलं की काहीतरी होईल. काहीच झालं नाही. हार्दिकभाईंनी फोन उचलला होता.

पलसाण्याच्या शेठजींशी ते अगदी गोड बोलले. आज नहीं, थोडुं काम बाकी छे. मग थांबले. ऐकत राहिले. "क्यारे?" कधी, एवढंच म्हणाले. फोन ठेवून आमच्याकडे न बघता म्हणाले, "जाळी तो सवारे ज काढी नाखी." सकाळीच काढून टाकली.

"आणि मशीन?"

"चाले छे."

म्हणजे पुढे जाळी नाही आणि वर कॅमेऱ्यात मॉडेलही नाही. हार्दिकभाई म्हणाले, मी सांगितलंय, परत बसवतील. मी विचारलं, कधी? ते म्हणाले, "कीधुं छे ने." सांगितलंय ना.

सुरतेत सांगितलंय म्हणजे काय, हे मी जन्मापासून ऐकते आहे. मी निरवला म्हटलं, मला पलसाण्याला जायचंय. त्याने गाडीची चावी घेतली. वाटेत कडोदऱ्याला ट्रकांच्या रांगेत अडकलो तेव्हा तो एकदाच बोलला, "मारे लखवुं जोईतुं हतुं." लिहून ठेवायला हवं होतं मी. एजंटसाठी लिहायचं मी शिकले होते, पण निरवच्या डोक्यात जे होतं ते त्याला विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं, हे माझ्याही मनात चाललं होतं.

प्रोसेस हाऊसच्या आत वाफ, खारट गरम वास, पायाखाली रंगीत पाणी. जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. जिगरवर पोपटी लॉट चालू होता आणि एक पन्नाशीचा माणूस वळी काढायला हात घालत होता. चिंधी पोपटी. हात जात होता, येत होता. रोलर आणि बोटं यांच्यात किती जागा उरते ते त्याला माहीत असणार. मला माहीत नव्हतं आणि मी बघू शकत नव्हते आणि बघत होते.

सुपरवायझरला निरवने सांगितलं. तो म्हणाला, हो, शेठचा फोन आला होता, लॉट उतरला की बसवतो. लॉट कधी उतरेल? उतरेल. मध्ये थांबवलं तर कापडावर पट्टा येतो, शेड बिघडते, मग कोण बोलणी खाणार? निरवने आणखी थोडी हुज्जत घातली. तो निरवशी गोड हसला आणि दुसऱ्या मशीनकडे गेला.

मला हुज्जत घालता येत नाही. मी एक प्लास्टिकचा स्टूल होता तो उचलला, जिगरसमोर ठेवला आणि त्यावर बसले. ऑफिसची ओळखपत्राची पट्टी गळ्यात होती ती पुढे घेतली. आणि बघत राहिले. मला एवढंच येतं, गप्प बसून बघणं.

सुपरवायझर परत आला. "मॅडम, वहाँ ऑफिस में बैठिए, पंखा है।"

"ठीक आहे इथे."

"यहाँ गरमी है।"

"चालेल."

तो गेला, परत आला, मशीनकडे बघून गेला. माझ्याकडे फोन होता. त्याचा कॅमेरा बंद होता, पण हे सुपरवायझरला ठाऊक नव्हतं. ऑपरेटरही आता दर वेळी हात घालायच्या आधी माझ्याकडे बघू लागला. शेवटी रोलर उलटा फिरायला लागला त्या सवडीत तो जवळ आला आणि माझं मराठी ऐकलं असावं, अहिराणीत म्हणाला, "कोनी आंडेर शे वं तू?" कुणाची मुलगी तू.

मी पप्पांचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, अमळनेरकडचं. जिगरवर आहेत हेही सांगितलं.

"मंग तुना बाप नई घालस का हात?" तो हसला. "जाळी गई ते बरं व्हयनं. दर वखत उघाडा, बंद करा. कटकट."

त्याला जाळी नको होती. ज्याच्या हातासाठी मी बसले होते त्याला मीच कटकट होते. मला वाटलं उठावं. मग तो पुन्हा म्हणाला, "आठे नको बठू, पानी उडस. तठे बठ." आणि माझा स्टूल त्याने चिंधीच्याच हाताने थोडा मागे सरकवला. स्टुलाला पोपटी डाग लागला. मी त्याने सरकवला तिथे बसले, पण निघून गेले नाही.

लॉट उतरायच्या आधीच जाळी बसली. सुपरवायझरनेच दोन माणसं बोलावली, मशीन थांबवलं आणि माझ्याकडे न बघता स्क्रू पिळून घेतले. कापडावर पट्टा आला की नाही ते मी विचारलं नाही. ऑपरेटर चिंधी सोडत उभा होता. तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. मला उद्देशून असावं.

घरी आल्यावर पप्पांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "त्याची शिफ्ट खराब केलीस." थोड्या वेळाने म्हणाले, "बरं केलंस." दोन्ही एकाच आवाजात.

पुढे बाजूचे सगळे तुकडे नव्याने बघितले गेले. मास्तरच्या पेपरात चिंधीचे प्रश्न आले आणि सहाही मॉडेलं नापास झाली. पलसाण्याला जाळी आहे ती आहे. हार्दिकभाईंना ते गिऱ्हाईक अजून टोचतं, मला सांगत नाहीत.

माझ्या पानावरचं ते घाईत लिहिलेलं वाक्य मी नंतर काढलं नाही, पण त्याच्याखाली कारण लिहिलं. नुसता नियम दिला की एजंट तेवढाच नियम पाळतो. कारण दिलं तर नियमाच्या पलीकडेही ते वापरतो, हे मला कामातून कळलं होतं. म्हणून लिहिलं की जिगरवरची माणसं हाताला चालू लॉटच्याच टोकाची चिंधी बांधतात, दुसरा रंग कापडाला लागू नये म्हणून. ती हाताच्या नव्हे, कापडाच्या रक्षणासाठी असते. त्यामुळे जिथे हात दिसायलाच हवा नेमका तिथेच तो दिसत नाही. आणि म्हणून गुण बघण्याआधी कुणाचा हात पेपरात आलाच नाही ते बघावं. माझ्या पप्पांच्या कामाबद्दल मी कुठेही लिहिलेला हा पहिला मजकूर. इंग्रजीत आहे. पप्पा तो वाचणार नाहीत.

गेल्या महिन्यात कडोदऱ्याचं एक नवीन काम आलं. वेगळं मशीन, कापड वाळवायचं, जिगर नाही, आणि बाजूला एकही तुकडा पडला नव्हता. माझ्या नियमाप्रमाणे एजंटने मॉडेल पाठवायला हरकत नव्हती. पण तो थांबला. अहवालात नेहमीचा नम्रपणा होता आणि शेवटी हे होतं: "या मशीनवरची माणसं हाताला काय बांधतात, किंवा काही बांधतात का, हे मला कुठेही सापडलं नाही. मी अंदाज करू इच्छित नाही. कृपया कुणीतरी तिथे जाऊन त्यांना विचारावं."

निरवने ते मोठ्याने वाचलं. हार्दिकभाई केबिनच्या दरवाजात उभे होते. दोघांनीही माझ्याकडे बघितलं, आणि मला माहीत होतं की मी मेसेजवर विचारून चालणार नाही.

मी पर्स घेतली आणि खाली उतरून कडोदऱ्याची रिक्षा बघू लागले.